बंगालच्या ज्यूटच्या शेतात उतरलेला एक प्रोफेसर, ज्याच्यामुळे भारताला स्वतःची गरिबी मोजता आली

२९ जून ही तारीख कॅलेंडरवर लाल अक्षरात नसते. सुट्टी नाही, मिरवणूक नाही, डीजे तर नाहीच नाही. तरीही दिल्लीतल्या सांख्यिकी मंत्रालयापासून ते जिल्ह्याच्या सांख्यिकी कार्यालयापर्यंत २००७ पासून दरवर्षी हा दिवस साजरा होतो. राष्ट्रीय सांख्यिकी दिन.

या दिवसासाठी दरवर्षी एक विषय ठरतो. २०२३ चा विषय वाचला तर थेट डोक्यावरून जाईल. शाश्वत विकास ध्येयांवर लक्ष ठेवण्यासाठी राज्यांची निर्देशक चौकट राष्ट्रीय निर्देशक चौकटीशी जुळवणं, असा तो विषय होता.

आता हे सोप्या भाषेत बघू.

२०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी जगासाठी १७ ध्येयं ठरवली. गरिबी संपली पाहिजे, कुणी उपाशी झोपू नये, प्रत्येकाला शुद्ध पाणी मिळावं वगैरे. मुदत २०३० पर्यंतची. ही ध्येयं गाठली की नाही हे कळायला २०० हून जास्त निर्देशकांची यादी बनली. त्या यादीवरून भारतानं आपली यादी केली, मग राज्यांनी आपापली केली आणि आता गाडी जिल्ह्यांपर्यंत आलीये.

गोची इथंच होते. न्यूयॉर्कमध्ये ठरलेल्या रकान्यात भरायचा आकडा शेवटी कुठल्यातरी गावात, कुणाच्यातरी ओट्यावर बसून, कुणीतरी विचारून आणायचा असतो. रकाना जगभर एकच, पण गावं काही एकसारखी नसतात. मग जगाचं माप आपल्या गावाला बसवायचं कसं?

हा प्रश्न आजचा वाटतो, पण तो ८० वर्षांहून जुना आहे. आणि त्याच्याशी आयुष्यभर झुंजलेल्या माणसाचा वाढदिवस म्हणजेच २९ जून.

त्यांचं नाव प्रशांतचंद्र महालनोबिस.

फिजिक्सवाला माणूस आकड्यांच्या नादी लागला कसा?

महालनोबिस यांचा जन्म १८९३ चा, कलकत्त्यातला. घर ब्राह्मो समाजाचं, सुधारकी वळणाचं. प्रेसिडेन्सी कॉलेजात त्यांनी फिजिक्स घेतलं. तिथं शिकवायला जगदीशचंद्र बोस आणि प्रफुल्लचंद्र राय यांच्यासारखी मंडळी होती.

१९१३ मध्ये ते इंग्लंडला गेले. शिकायचं होतं लंडनला, पण एक दिवस केंब्रिज बघायला म्हणून गेले आणि परतीची गाडी चुकली. मुक्काम पडला, किंग्ज कॉलेज आवडलं आणि प्रवेशही तिथंच घेतला, असा किस्सा सांगितला जातो. त्या काळात केंब्रिजमध्ये श्रीनिवास रामानुजन होते. दोघांची चांगली ओळख झाली.

१९१५ मध्ये परीक्षा झाली आणि महालनोबिस सुट्टीसाठी भारतात यायला निघाले. पहिलं महायुद्ध सुरू होतं, त्यामुळं बोट सुटायला उशीर झाला. त्या वेळात त्यांच्या एका शिक्षकांनी त्यांना बायोमेट्रिका नावाच्या नियतकालिकाचे अंक दाखवले. त्यात प्राणी, वनस्पती, माणसं अशी सगळ्यांची मोजमापं घेऊन त्यातून निष्कर्ष काढण्याच्या पद्धती होत्या.

महालनोबिसांनी अंकांचा अख्खा संचच विकत घेतला आणि बोटीवर वाचत वाचत कलकत्ता गाठलं.

सुट्टी संपली तरी ते केंब्रिजला परत गेले नाहीत. प्रेसिडेन्सी कॉलेजात फिजिक्स शिकवायला लागले, पण डोक्यात आकडे घुसले ते घुसलेच.

१९२० मध्ये नागपुरात इंडियन सायन्स काँग्रेसचं अधिवेशन भरलं. तिथं त्यांची गाठ प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन अ‍ॅनंडेल यांच्याशी पडली. अ‍ॅनंडेल यांच्याकडं कलकत्त्यातल्या अँग्लो-इंडियन लोकांच्या शरीराची मोजमापं होती, पण त्यातून काय काढायचं हे कुणाला माहीत नव्हतं. ते काम महालनोबिसांनी अंगावर घेतलं आणि १९२२ मध्ये त्यांचा संख्याशास्त्रावरचा पहिला लेख आला. याच धाग्यावरून पुढं जात १९३६ मध्ये त्यांनी दोन गटांमधलं अंतर मोजण्याचं जे सूत्र पक्कं केलं, ते आज जगभर महालनोबिस अंतर म्हणून ओळखलं जातं. आजच्या मशीन लर्निंगमध्येसुद्धा ते वापरतात.

पण प्रयोगशाळेतले आकडे वेगळे आणि चिखलातले वेगळे. चिखलाशी त्यांची पहिली गाठ घालून दिली ती पुरानं.

पूर आला, आणि सगळ्यांचा अंदाज चुकला

१९२२ मध्ये उत्तर बंगालात मोठा पूर आला. पाणी अडवण्यासाठी मोठे साठवण तलाव करावेत, असा तज्ज्ञांचा कल होता. महालनोबिसांनी मागच्या ५० वर्षांचा पाऊस आणि पुराच्या नोंदी समोर ठेवल्या आणि दाखवून दिलं की अशा तलावांचा उपयोग होणार नाही, खरी गरज साचलेल्या पाण्याचा वेगानं निचरा करण्याची आहे.

१९२६ मध्ये ओडिशात ब्राह्मणी नदीला पूर आला. नदीचं पात्र गाळानं वर आलंय, तेव्हा बांध उंच करा, असं इंजिनिअर लोकांचं म्हणणं होतं. महालनोबिसांनी पुन्हा जुन्या नोंदी उकरल्या. पात्र वर आल्याचा पुरावा नव्हता. पाऊसच जास्त झाला होता. बांध उंच करण्यापेक्षा नदीच्या वरच्या भागात धरणं बांधा, असं त्यांनी सुचवलं. महानदीच्या खोऱ्यात पुढं जे नियोजन झालं, त्यामागं हा विचार होता.

यातून त्यांनी एक गोष्ट गाठीशी बांधली. नुसतं तज्ज्ञ असून भागत नाही, त्या जागेचे, त्या नदीचे आकडे हातात लागतात. आणि भारतात तेच सगळ्यात दुर्मीळ होते.

डिसेंबर १९३१ मध्ये कलकत्त्यात एक बैठक झाली आणि इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटची स्थापना झाली. सुरुवात प्रेसिडेन्सी कॉलेजातल्या त्यांच्या एका खोलीतून. दोन वर्षांत संख्या नावाचं नियतकालिक निघालं. पण इन्स्टिट्यूटचं नाव झालं ते एका पिकामुळं.

तलाठी नसलेल्या प्रांतात पीक मोजायचं कसं?

ते पीक होतं ज्यूट, म्हणजे आपण ज्याला ताग म्हणतो ते.

बंगालच्या ज्यूटवर जगभरची पोती शिवली जायची. पीक किती येणार यावर भाव ठरायचा, गिरण्या चालायच्या, शेतकऱ्याच्या हातात पैसा पडायचा. पण किती एकरांवर ज्यूट लावलाय, याचा सरकारी आकडा म्हणजे निव्वळ अंदाजपंचे दाहोदरसे.

असं का? तर याचं उत्तर दीडशे वर्षं मागं जातं.

महाराष्ट्रात रयतवारी पद्धत होती. शेतकरी थेट सरकारला सारा द्यायचा, त्यामुळं प्रत्येक शेताची नोंद ठेवायला गावात माणूस लागायचा. कुलकर्णी, तलाठी, त्यांच्या वह्या आणि पुढं घराघरात पोचलेला सातबारा, हे सगळं त्यातून आलं.

बंगालात १७९३ मध्ये कायमधारा लागू झाला. जमीनदारानं ठरलेली रक्कम भरली की विषय संपला. सरकारला दरवर्षी कुणाच्या शेतात काय पेरलंय हे बघायची गरजच उरली नाही. मग गावपातळीवर नोंद ठेवणारा माणूस तरी कशाला हवा?

म्हणजे एकाच देशात एका प्रांताकडं शेताशेताची वही होती आणि दुसऱ्याकडं नव्हती. दोघांकडं एकच फॉर्म पाठवला तर उत्तरं सारखी येणार कशी?

महालनोबिसांनी यावर जो मार्ग काढला, तो मराठी माणसाला वेगळा समजावून सांगायची गरज नाही. शितावरून भाताची परीक्षा.

अख्ख्या बंगालातली शेतं मोजायची नाहीत. काही शेतं निवडायची आणि त्यावरून सगळ्याचा अंदाज बांधायचा. पण शीत वरवरचं उचललं तर भात शिजला की नाही हे कळत नाही. म्हणून शेतं माणसानं आपल्या सोयीनं निवडायची नाहीत, चिठ्ठी टाकल्यासारखी निवडायची. रस्त्याकडेचं शेत सोपं पडतं म्हणून घेतलं, असं चालणार नाही. याला नमुना पाहणी म्हणतात.

१९३७ पासून छोटे प्रयोग सुरू झाले. दरवर्षी क्षेत्र वाढत गेलं आणि १९४१ मध्ये जवळपास सगळ्या ज्यूट पट्ट्याची पाहणी झाली. एकेक शेत मोजण्याच्या मानानं खर्च कितीतरी कमी आला. शिवाय नमुन्यातून निघालेला आकडा व्यापारातून कळलेल्या उत्पादनाशी चांगला जुळला.

एकाच गावात दोन टोळ्या

पण महालनोबिसांची खरी करामत पुढची आहे.

शेतावर जाणारा माणूस शेवटी माणूसच. ऊन लागतं, चिखल असतो, घरी बसून वहीत आकडा लिहायचा मोह होतो. शिवाय कुणी प्रामाणिक असूनही चुकतो. हे कळायचं कसं?

तर त्यांनी एकाच भागासाठी दोन वेगळे नमुने काढायचे ठरवले. दोन वेगळ्या टोळ्या, दोघांची शेतं वेगळी, पण भाग तोच. दोघांनी आपापलं काम स्वतंत्रपणे करायचं. शेवटी दोघांचे आकडे शेजारी शेजारी ठेवायचे. जवळ आले तर ठीक. लांब गेले तर कुठंतरी पाणी मुरतंय.

म्हणजे आकड्यासोबत त्या आकड्यावर किती भरवसा ठेवायचा हेही मिळायचं. चूक होणारच हे गृहीत धरून ती मोजायची सोय त्यांनी पाहणीतच करून ठेवली. मोठ्या पाहण्यांच्या इतिहासात ही त्यांची सगळ्यात मोठी देणगी मानतात.

या कामाची किंमत किती असू शकते, हे लवकरच दिसलं.

१९४३ मध्ये बंगालात दुष्काळ पडला. लाखो माणसं मेली. युद्ध, भाव, साठेबाजी, ब्रिटिश सरकारचे निर्णय, कारणं बरीच होती. पण त्या वर्षी तांदूळ नेमका किती पिकला होता, याचा खात्रीचा आकडा कुणाकडं नव्हता. अभ्यासक त्यावर अजूनही वाद घालतात.

१९४४-४५ मध्ये महालनोबिसांच्या माणसांनी बंगालातल्या गावांमध्ये जाऊन दुष्काळानंतरची पाहणी केली. कुणाची जमीन गेली, कुणाचे नांगराचे बैल गेले, कुणाचा पिढीजात धंदा मोडला आणि किती घरं पार रस्त्यावर आली, हे गाववार नोंदवलं गेलं. दुष्काळ म्हणजे फक्त मेलेल्यांची संख्या नाही, जगलेल्यांचं काय झालं हेही मोजावं लागतं, हे त्यातून पुढं आलं.

साताऱ्याचा माणूस आडवा आला

आता असं वाटेल की महालनोबिसांची पद्धत देशानं डोळे झाकून घेतली. तर तसं नाही झालं.

सातारा जिल्ह्यातल्या बुध गावात जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे तेव्हा दिल्लीच्या कृषी संशोधन परिषदेत होते. ते लंडनहून संख्याशास्त्र शिकून आले होते. त्यांच्यासोबत विनायक गोविंद पानसे होते. या दोघांनी पीक कापणीवरून महालनोबिसांशी थेट वाद घातला.

वादाचा मुद्दा ऐकायला बारीक आहे. एकरी उतारा काढायला शेतातला एक तुकडा कापून धान्य मोजायचं. महालनोबिस छोटे तुकडे वापरायचे, कारण कमी वेळात जास्त शेतं होतात. सुखात्मे म्हणाले की तुकडा छोटा असला की काठावरच्या रोपांचा घोळ होतो. रोप रेषेवर आलं की कापणारा ते आत धरतो. छोट्या तुकड्यात काठाचा भाग जास्त, त्यामुळं उतारा फुगतो. त्यांनी प्रयोग करून हे दाखवलंसुद्धा.

दुसरा मुद्दा त्याहून मोठा होता. महालनोबिसांना या कामासाठी वेगळे, शिकवलेले, पूर्णवेळ माणूस हवे होते. सुखात्मे आणि पानसे यांचं म्हणणं असं की गावात महसूल आणि शेती खात्याची माणसं आहेत, त्यांनाच नीट शिकवा. पाहणीवाला येऊन निघून जाईल, हे लोक तिथंच राहणार आहेत.

नीट बघितलं तर दोघंही आपापल्या मुलखाच्या अनुभवातून बोलत होते. बंगालात तलाठी नव्हता म्हणून महालनोबिसांना स्वतःची टोळी उभी करावी लागली. जिथं तलाठ्याची वही होती, तिथल्या माणसाला ती वही फेकून देणं पटणार नव्हतं.

पुढं काही वर्षं देशात एकाच पिकाचे दोन दोन आकडे निघत राहिले. शेवटी पिकांच्या बाबतीत सुखात्मे-पानसे यांची वाट टिकली. आजही महाराष्ट्रात कृषी सहायक, तलाठी, ग्रामसेवक मिळून पीक कापणी प्रयोग करतात. पीक विम्याची भरपाई ठरवताना याच उताऱ्याकडं बोट दाखवलं जातं. त्यामुळं हा वाद फक्त प्राध्यापकांचा नव्हता, हे कुठलाही शेतकरी सांगेल.

जगाचं माप, भारताचं गाव

युद्ध संपलं, संयुक्त राष्ट्रं स्थापन झाली आणि तिथं एक सांख्यिकी आयोग बसला. महालनोबिस त्यावर भारताचे प्रतिनिधी होते.

त्यांनी आग्रह धरला की नमुना पाहणीसाठी वेगळा उपआयोग हवा. १९४७ मध्ये तो झाला आणि १९५१ पर्यंत महालनोबिसच त्याचे अध्यक्ष होते. फिशर, येट्स, डेमिंग अशी त्या काळातली संख्याशास्त्रातली बडी माणसं त्या कामात होती.

या उपआयोगाचं महत्त्व काय? तर नव्यानं स्वतंत्र होणाऱ्या गरीब देशांना दर वेळी घरोघर जाऊन मोजदाद करणं परवडणारं नव्हतं. नमुना पाहणी म्हणजे जुगाड नाही, नीट केली तर ती पक्की पद्धत आहे, यावर तिथं शिक्कामोर्तब झालं. आणि सोबत एक शिस्तही आली. पाहणीचा अहवाल देताना नुसता आकडा द्यायचा नाही. नमुना कसा काढला, चुकीला वाव किती, हेही लिहायचं.

इकडं भारतात १९४९ मध्ये राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली गेली. अध्यक्ष महालनोबिस, सदस्य पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटचे धनंजयराव गाडगीळ आणि व्ही. के. आर. व्ही. राव. सल्ल्याला सायमन कुझनेट्स आणि रिचर्ड स्टोन यांच्यासारखे परदेशी तज्ज्ञ. या दोघांनाही पुढं नोबेल मिळालं.

राष्ट्रीय उत्पन्न हे तेव्हाचं जागतिक माप होतं. देशात वर्षभरात जे पिकलं, बनलं, विकलं गेलं त्याची किंमत. पण हे माप जिथं तयार झालं, तिथं पगाराच्या चिठ्ठ्या होत्या, दुकानाची बिलं होती, कारखान्यांचे हिशोब होते.

इथं शेतकरी आपली ज्वारी आपल्याच घरी खायचा. तिची पावती कुठली असणार? सुतार, लोहार, कुंभार वर्षभर काम करायचे आणि सुगीला खळ्यावर बलुतं घ्यायचे. त्याची किंमत रुपयांत किती धरायची? निम्म्याहून जास्त देश असा जगत असेल, तर ते सोडून काढलेलं उत्पन्न भारताचं म्हणायचं तरी कसं?

समितीनं १९५१ मध्ये पहिला आणि १९५४ मध्ये अंतिम अहवाल दिला. पण काम करताना एक गोष्ट स्वच्छ कळली होती. सूत्र कितीही चांगलं असलं, तरी त्यात घालायला गावाकडची माहितीच नाहीये.

ती भरून काढण्यासाठी १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. यालाच एनएसएस म्हणतात. ऑक्टोबर १९५० ते मार्च १९५१ ही पहिली फेरी. पाच लाखांहून जास्त गावांच्या देशात सुमारे १८०० गावं निवडली गेली.

शेर इथला वेगळा, तिथला वेगळा

पाहणी करणारे गावात पोचले आणि दणका बसला.

प्रश्न अगदी साधा होता. घरात धान्य किती लागतं? माणूस सांगायचा पायलीत, शेरात, मणात. पण एका भागातला शेर दुसऱ्या भागातल्या शेराएवढा नसायचा. देशभर एकच वजनमाप असावं यासाठीचा कायदा १९५६ मध्ये आला. तोवर प्रत्येक ठिकाणचं माप आधी समजून घ्यायचं आणि मगच आकडा लिहायचा.

त्याहून अवघड गोष्ट होती आठवणीची.

मागच्या ७ दिवसांत काय खाल्लं असं विचारायचं, की मागच्या ३० दिवसांत? ऐकणाऱ्याला वाटेल की आठवडा जवळचा, तो जास्त बरोबर येईल. महालनोबिसांच्या माणसांनी यावर प्रयोग केला. काही घरांना आठवड्याचं विचारलं, काहींना महिन्याचं, आणि काही घरांत प्रत्यक्ष धान्य मोजून पाहिलं.

निकाल उलटा आला. आठवड्याचं उत्तर फुगलेलं होतं आणि महिन्याचं उत्तर प्रत्यक्ष मापाच्या जास्त जवळ होतं. आठवड्याचं विचारलं की माणसं त्याआधीच्या गोष्टीही त्यातच धरतात, असं त्याचं एक स्पष्टीकरण दिलं जातं. यावरचा लेख १९५४ मध्ये आला आणि भारतानं अनेक दशकं ३० दिवसांचा प्रश्न वापरला.

ही बारीक गोष्ट वाटत असेल तर पुढचं ऐका. १९९९-२००० च्या पाहणीत ७ आणि ३० दिवसांचे प्रश्न एकाच फॉर्ममध्ये शेजारी शेजारी आले. एका उत्तराचा परिणाम दुसऱ्यावर झाला. मग देशातली गरिबी खरंच किती कमी झाली, यावर जगभरच्या अर्थतज्ज्ञांमध्ये मोठा वाद पेटला. प्रश्नाची मुदत बदलली आणि कोट्यवधी लोक गरीब की नाहीत हेच सांगता येईना.

शाश्वत विकासाचं पहिलंच ध्येय गरिबी संपवण्याचं आहे. तो आकडा शेवटी अशाच फॉर्ममधून निघतो.

सगळं बरोबरच होतं असंही नाही

महालनोबिसांवर नेहरूंचा मोठा विश्वास होता. १९५६ ते १९६१ च्या दुसऱ्या पंचवार्षिक योजनेमागं त्यांचंच गणिती प्रारूप होतं. पोलाद, यंत्रं, अवजड उद्योगांवर भर. त्यावर मुंबई विद्यापीठाचे सी. एन. वकील आणि पी. आर. ब्रह्मानंद यांनी कडाडून टीका केली. कामगाराला आधी धान्य, कपडा लागतो, त्याचं काय, असा त्यांचा सवाल होता. गावोगावचं धान्य मोजणाऱ्या माणसाच्या योजनेवर धान्याकडं दुर्लक्ष केल्याचा ठपका यावा, हा योगायोग विचित्रच म्हणायचा.

दुसरी अडचण कामाची होती. पाहण्या होत राहिल्या, पण आकडेमोड संपेपर्यंत आणि अहवाल हातात पडेपर्यंत बराच काळ जायचा. १९५६ मध्ये इन्स्टिट्यूटमध्ये संगणक बसला, भारतातला हा अगदी सुरुवातीचा संगणक. तरीही कागदांचा ढीग उपसला जात नव्हता. अखेर १९७० मध्ये सरकारनं नमुना पाहणीचं सगळं काम स्वतःच्या संघटनेकडं घेतलं. ज्या पाहणीला त्यांनी जन्म दिला, ती त्यांच्या हयातीतच इन्स्टिट्यूटच्या हातातून गेली.

२८ जून १९७२ रोजी महालनोबिस गेले. दुसऱ्या दिवशी त्यांचा ७९ वा वाढदिवस होता.

मग आज याचं काय?

आज जगाची यादी जिल्ह्यापर्यंत उतरवायची म्हटली की तेच जुने प्रश्न नव्यानं उभे राहतात.

पहिला प्रश्न नमुन्याचा. राज्यासाठी काढलेला नमुना राज्याचं चित्र नीट दाखवतो. पण त्यातून एका जिल्ह्याच्या वाट्याला मोजकीच घरं येतात. तेवढ्यावरून जिल्ह्याचा आकडा काढणं म्हणजे दोन शितांवरून अख्ख्या जेवणावळीचा निकाल देणं. म्हणून राज्यं केंद्राच्या जोडीला स्वतःचा वेगळा नमुना घेतात. महाराष्ट्रात हे काम अर्थ व सांख्यिकी संचालनालय करतं. एकाच राज्यात केंद्राची आणि राज्याची अशी दोन माणसं स्वतंत्रपणे फिरतात, तेव्हा महालनोबिसांच्या दोन टोळ्या आठवल्याशिवाय राहत नाहीत. जानेवारी २०२५ पासून तर राष्ट्रीय पाहणीच्या रचनेत जिल्हा हाच मूळ घटक धरायला सुरुवात झालीये.

दुसरा प्रश्न व्याख्येचा. गावापासून दोन किलोमीटरच्या आत बारमाही रस्ता आहे का, असा एक जागतिक निर्देशक आहे. गडचिरोलीत पर्लकोटा नदीला पूर आला की वर्षानुवर्षं भामरागडचा संपर्क तुटत आलाय. नकाशावर रस्ता आहे, पण जुलैत नाही. अशा वेळी रकान्यात हो लिहायचं की नाही, हे बारमाही या एका शब्दावर ठरतं. आणि तो शब्द कुणी किती गांभीर्यानं घेतला, यावर तिथल्या लोकांची गणना ठरते.

तिसरा प्रश्न तोच, सुखात्मे यांचा. जिल्ह्याचे बरेचसे आकडे पाहणीतून येतच नाहीत. ते अंगणवाडीच्या, आरोग्य केंद्राच्या, शाळेच्या रजिस्टरमधून येतात. ते दर महिन्याला मिळतात, गावागावाचे मिळतात. पण ज्याच्या कामाचं मूल्यमापन होणार, तोच आकडा भरतो. मग तपासायला वेगळी टोळी पाठवायची, की आहे त्याच माणसाला नीट शिकवायचं आणि त्याच्या डोक्यावरचं ओझं कमी करायचं? बहुतेक वेळा दोन्ही करावं लागतं.

जाता जाता सुखात्मे यांचीही एक गोष्ट. ते पुढं संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत गेले. देशात किती लोक अर्धपोटी राहतात, हे काढण्याची पद्धत त्यांनी तिथं घडवली. आज शाश्वत विकासाच्या दुसऱ्या ध्येयात भूक मोजायचा जो जागतिक निर्देशक आहे, त्याचं मूळ त्यांच्या या कामात आहे.

म्हणजे जगाचं माप गावावर उतरतं तसं गावात शिकलेलं शहाणपण जगाच्या मापातही चढतं. बंगालच्या ज्यूटच्या शेतातून निघालेली नमुना पाहणी संयुक्त राष्ट्रांत गेली आणि साताऱ्याच्या माणसाचं भुकेचं गणितही तिकडं गेलं.

पुढच्या वेळी अमुक जिल्हा इतक्या नंबरवर आला, अशी बातमी मोबाईलवर आली की फॉरवर्ड करण्याआधी दोन गोष्टी बघायला हरकत नाही. तो आकडा किती घरांना विचारून काढलाय? आणि चुकीला वाव किती, हे खाली लिहिलंय का?

प्रोफेसर महालनोबिस आयुष्यभर हेच दोन प्रश्न विचारत होते.